गोरखपूर ते काठमांडू प्रायव्हेट गाडीने: बुकिंग करायच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

मुंबई-पुण्याहून ट्रेनने नाहीतर विमानाने गोरखपूर, तिथून गाडीने सोनौली बॉर्डर, मग पलीकडे काठमांडू किंवा पोखरा, हा रूट आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलाय. मुक्तिनाथला जाणारे, पशुपतिनाथाला जाणारे, लुंबिनीला जाणारे, नुसतं फिरायला जाणारे सगळेच. ग्रुप टूर नको, आपली चार-सहा माणसं आणि आपली गाडी असं ठरलं की माझ्याकडे फोन सुरू होतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून सगळे एकाच जागी लिहून काढले. घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर शेवटपर्यंत वाचाच.

गोरखपूरहून काठमांडूला एका दिवसात पोचतो का?

पोचतो, पण पोचू नका. गोरखपूर ते सोनौली साधारण ९५ ते १०० किलोमीटर आणि बॉर्डरपासून काठमांडू मुगलिंगमार्गे अजून पावणेतीनशेच्या आसपास. मॅपवर हे बघून माणूस म्हणतो की आपण मुंबई-कोल्हापूर एका दिवसात करतोच की, पण तो हिशोब इथे लागू होत नाही, कारण सोनौलीपर्यंतच अडीच-तीन तास जातात, बॉर्डरवर किती जातील ते त्या दिवशीच कळतं, मग बुटवल ते नारायणगढ हा ११०-११५ किलोमीटरचा पट्टा, जिथे रस्ता रुंद करायचं काम कित्येक वर्षं चालू आहे, आणि त्यातला दाउन्नेचा चढ तर पावसात नुसता चिखल. नारायणगढच्या पुढे मुगलिंगपर्यंत आणि मग काठमांडूपर्यंत एका बाजूला डोंगर, एका बाजूला त्रिशूली नदी. सगळं मिळून ११ ते १३ तास धरा, म्हणजे सकाळी सातला गोरखपूर सोडलंत तरी शेवटचा घाट अंधारात येतो. कुठलाही ट्रॅव्हल्सवाला "हो जाएगा सर" म्हणेल, त्याचं चुकत नाही, होतं खरंच, पण तुमच्या आईला शेवटचे तीन तास कसे जातील हे तो सांगणार नाही.

मी सगळ्यांना एकच सांगते, मधे एक रात्र टाका. लुंबिनी, भैरहवा, बुटवल किंवा चितवनमधलं सौराहा, कुठेही. एका हॉटेलचा खर्च वाढतो पण घाट दिवसाउजेडी पार होतो आणि माझ्या मते या अख्ख्या बुकिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, गाडी इनोव्हा की अर्टिगा हा नाही.

एकच गाडी थेट काठमांडूपर्यंत घ्यावी की बॉर्डरवर बदलावी?

दोन्ही चालतं. यूपीच्या टॅक्सीला नेपाळमध्ये जाता येतं, त्यासाठी बेलहियाला म्हणजे बॉर्डरच्या नेपाळकडच्या बाजूला भन्सार भरावा लागतो. भन्सार म्हणजे नेपाळचं कस्टम्स, गाडी जितके दिवस आत राहणार तितक्या दिवसांचे पैसे आणि सोबत यातायातचं म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याचं परमिट. हे काम ड्रायव्हर करतो, तुम्ही गाडीत बसून राहायचं, पण काउंटरवर गर्दी असली की तासभर सहज जातो आणि मेच्या उन्हात बंद गाडीत तो तास फार मोठा वाटतो.

माझं मत विचाराल तर गाडी बदला. गोरखपूर ते सोनौली भारतीय टॅक्सी आणि बेलहियापासून पुढे नेपाळी गाडी, नेपाळी ड्रायव्हर. कारण एकच, घाटाचा रस्ता. तिथला ड्रायव्हर रोज त्या वळणांवर असतो, कुठे पहिरो म्हणजे दरड येते, कुठल्या वेळेला कुठला रस्ता एकेरी सोडतात, कुठल्या ढाब्याचं टॉयलेट स्वच्छ आहे हे त्याला माहीत असतं. शिवाय वाटेत काही झालं तर त्याची गाडी, त्याचा देश, त्याचे कागद, सगळं सोपं पडतं. मैदानातला ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी त्रिशूलीच्या कडेने समोरून मालट्रक येत असताना मला तरी डोंगरातलाच माणूस स्टिअरिंगवर हवा.

थेट गाडी कधी घ्यावी? कुणी व्हीलचेअरवर असेल, सामान खूप असेल, किंवा आठ-दहा दिवस तीच गाडी सोबत ठेवून परत गोरखपूरलाच यायचं असेल तेव्हा. पण तेव्हाही विचारा की ड्रायव्हर याआधी काठमांडू-पोखरा करून आलाय का, आणि त्याच्याशी स्वतः फोनवर बोला, मालकाशी नुसतं बोलून काही कळत नाही.

गाडी बदलायची म्हणजे सामान घेऊन चालायचं का?

थोडं चालायचं, हो. भारतीय गाडी तुम्हाला सोनौलीच्या गेटच्या अलीकडे सोडते, तिथून पलीकडे दोन-तीनशे मीटरचं अंतर असतं. इकडे एसएसबीचे म्हणजे सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र बघतात, कधी बॅग उघडायला सांगतात, मग कमान ओलांडली की नेपाळचे पोलीस आणि भन्सारवाले. सायकल रिक्षा आणि ई-रिक्षा भरपूर आहेत, आजी-आजोबांना आणि बॅगांना त्यात बसवा आणि भाडं आधी ठरवा, भारतीय रुपयात की नेपाळी रुपयात तेही तेव्हाच. गर्दीत एकजण सगळ्यात पुढे आणि एकजण सगळ्यात मागे असं चाललं की कुणी हरवत नाही.

नेपाळी ड्रायव्हरचा नंबर, गाडीचा नंबर आणि गाडीचा फोटो आदल्या रात्री व्हॉट्सॅपवर मागवून ठेवा. गेटपाशी "काठमांडू, पोखरा, गाडी चाहिये?" करत लोक मागे लागतात आणि त्यातला एखादा "तुमच्या ड्रायव्हरनेच मला पाठवलंय" असंही म्हणतो, फोटो असला की प्रश्न मिटला.

कुठली कागदपत्रं लागतात? आधार चालतं ना?

इथे लोक हमखास अडकतात म्हणून नीट वाचा. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पासपोर्टसुद्धा सक्तीचा नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र यापैकी एक मूळ कार्ड हवं. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना चालतं. मधल्या वयाच्या माणसाने नुसतं आधार घेऊन जाऊ नये. "आमचे शेजारी आधारवर जाऊन आले" हे मी खूप ऐकलंय आणि ते खोटं नसेलही, कारण पायी जाणाऱ्या गर्दीत प्रत्येकाचं कार्ड काही तपासलं जात नाही, पण ज्या दिवशी तपासलं जाईल त्या दिवशी तुमचा सगळा ग्रुप गेटवर उभा राहील.

१५ ते १८ वयाच्या मुलांकडे पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखीचं पत्र चालतं. सगळं कुटुंब एकत्र जात असेल तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक कार्ड असल्यावर बाकीच्यांना फोटो असलेला दुसरा पुरावा आणि नातं दाखवणारं काहीतरी, जसं की रेशन कार्ड, यावर सूट आहे, पण ही सूट अडचणीच्या वेळेसाठी ठेवा. ज्याच्याकडे पासपोर्ट आहे त्याने सरळ पासपोर्ट घ्या. वाटेत तब्येत बिघडली किंवा रस्ता बंद झाला आणि काठमांडूहून विमानाने परतायची वेळ आली तर मधल्या वयाच्या मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक कार्डाशिवाय सहसा विमानात बसता येत नाही.

पासपोर्टवर शिक्का मारून मागत बसू नका, भारतीयांना तो लागत नाही.

आमची मुलगी आणि जावई अमेरिकन पासपोर्टवर आहेत, ते पण याच गाडीने येऊ शकतात का?

येऊ शकतात, पण त्यांचे नियम पूर्ण वेगळे. ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड असलं तरी नेपाळच्या दृष्टीने ते परदेशीच. त्यांना आधी भारताच्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, मग बेलहियाला नेपाळचा व्हिसा. तो तिथेच मिळतो, १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५० डॉलर, ९० दिवसांचे १२५ डॉलर, रोख डॉलर आणि पासपोर्ट साइज फोटो जवळ ठेवा आणि फॉर्म आधी ऑनलाइन भरून गेलात तर वेळ वाचतो. भारताचं इमिग्रेशन ऑफिस बाजारातल्या रस्त्यावरच आहे, दुकानांच्या गर्दीत लक्षात न येता पुढे निघून जाता येतं आणि मग नेपाळवाले परत पाठवतात, म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगा की अमुक जण विदेशी पासपोर्टचे आहेत, इमिग्रेशनला थांबव.

आणि परत येताना ओसीआय कार्ड लागणारच, ते मुंबईच्या घरी कपाटात ठेवून जाऊ नका. भारताच्या व्हिसावर आलेला कुणी असेल तर त्याचा व्हिसा पुन्हा आत यायला चालतो का आणि सोनौलीला चालतो का, हे तिकीट काढायच्या आधी भारत सरकारच्या व्हिसा वेबसाइटवर बघा.

भाडं कसं ठरतं? एवढं जास्त का सांगतात?

एका बाजूचं भाडं विचारलं तरी गाडी रिकामी परत जाणार असते, म्हणून त्यात जाण्या-येण्याचं डिझेल धरलेलं असतं, त्यात फसवणूक नाही. नेपाळमध्ये गाड्यांवर आयात कर जबरदस्त आहे, जी गाडी आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात दिसते ती तिथे खूप महाग पडते, म्हणून तिथल्या गाडीचं दिवसाचं भाडं आपल्यापेक्षा जास्त वाटणारच. मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि दशैं या काळात रेट चढतात. दशैं म्हणजे त्यांचा नवरात्र-दसऱ्याचा सण, तेव्हा ड्रायव्हर स्वतःच्या गावी जातात आणि गाडीच मिळत नाही.

बाकी रेट विचारताना प्रत्येकाला एकच सवाल करा: यात काय काय आलं? डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, त्याचं राहणं, गाडी थेट जाणार असेल तर भन्सार आणि परमिट. "सब मिला के" हे उत्तर पुरेसं नाही, एकेक गोष्ट टाइप करून घ्या. आणि रक्कम आयसी की एनसी ते लिहून घ्या. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी, तिकडे सगळे असंच बोलतात. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, म्हणजे वीस हजार आयसी आणि वीस हजार एनसी यात साडेसात हजार भारतीय रुपयांचा फरक पडतो आणि शेवटच्या दिवशी हॉटेलच्या दारात तो वाद घालायची कुणाला हौस नसते.

अ‍ॅडव्हान्स किती द्यावा? पावती वगैरे मिळते का?

वीस-पंचवीस टक्के, त्याहून जास्त नाही. बाकीचे पोचल्यावर, किंवा बरेच दिवसांची गाडी असेल तर अर्धे मधे आणि उरलेले शेवटी. कुणी पूर्ण पैसे आधी मागितले तर दुसरी गाडी शोधा. छापील पावती सहसा मिळत नाही, म्हणून व्हॉट्सॅपवरचा मेसेज हीच तुमची पावती. गोरखपूरवाल्यांशी हिंदीतच लिहा, साधंसं, असं काहीतरी: "भैया, १२ तारीख, गोरखपुर स्टेशन से सोनौली, ६ लोग, ३ बड़े बैग, गाड़ी इनोवा, टोटल इतना, डीज़ल टोल पार्किंग सब मिलाकर, एडवांस इतना दिया, बाकी सोनौली पर। कन्फर्म कीजिए।" आणि त्याचं "कन्फर्म" आल्याशिवाय पैसे पाठवू नका. नेपाळच्या गाडीसाठी वेगळा मेसेज, त्यात रात्रीचा मुक्काम कुठे आणि रात्री गाडी चालवायची नाही हे स्पष्ट घाला. नेपाळमधले बहुतेक ड्रायव्हर हिंदी छान बोलतात, भाषेची काळजी करू नका.

गाडी खरंच भाड्याची आहे की कुणाची खाजगी, कसं ओळखायचं?

नंबर प्लेट बघा. आपल्याकडे पिवळी प्लेट म्हणजे टॅक्सी, पांढरी म्हणजे खाजगी. नेपाळमध्ये भाड्याच्या गाडीची प्लेट काळी, त्यावर पांढरी अक्षरं, टुरिस्ट गाडीची हिरवी, आणि लाल प्लेट म्हणजे खाजगी गाडी. लाल प्लेटची गाडी स्वस्तात मिळते म्हणून लोक घेतात, पण पोलिसांनी अडवलं तर ड्रायव्हरला दंड आणि तुम्ही रस्त्यावर, आणि अपघात झाला तर विम्याचं नावच काढू नका. गाडीचा फोटो मागवायचा तो यासाठीसुद्धा, समोरून काढलेला, प्लेट दिसेल असा.

आमचीच गाडी घेऊन गेलो तर?

जाता येतं, पुष्कळ लोक जातात. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स सगळं मूळ प्रतीत, गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र. भन्सारची पावती परतेपर्यंत जपून ठेवा आणि जितके दिवस भरलेत त्याच्या आत बाहेर पडा, नाहीतर दंड. एक गोष्ट बरेच जण विसरतात, आपला गाडीचा विमा नेपाळमध्ये आपोआप लागू होत नाही, विमा कंपनीकडून नेपाळसाठी वाढीव कव्हर घ्यावं लागतं, निघायच्या आठवडाभर आधी एजंटला सांगा. गाडी मात्र डावीकडूनच चालवायची, आपल्यासारखीच.

पैसे कसे न्यावेत?

शंभरच्या नोटा न्या, भरपूर. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने २०० आणि ५०० च्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, त्यानंतर मोठ्या नोटांबद्दलचे नियम हलत राहिलेत, आणि चहावाल्याशी नियमावर वाद घालण्यापेक्षा शंभरची नोट पुढे केलेली बरी. मार्च २०२४ पासून फोनपे नावाच्या नेपाळी नेटवर्कच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, नाव आपल्या फोनपेसारखंच आहे पण कंपनी वेगळी. मोठ्या दुकानात, हॉटेलात उपयोग होतो, पण इंटरनेट असेल तरच, म्हणून घाटात त्याच्या भरवशावर राहू नका. सुट्टे एनसी थोडे घेऊन ठेवा, टॉयलेट आणि पाण्याच्या बाटलीला लागतात.

पावसाळ्यात गेलो तर चालेल का? श्रावणात पशुपतिनाथाला जायचंय.

श्रद्धा समजते मला, आणि श्रावणात तिथे जायची ओढही समजते. तरी सांगते, जुलै ते सप्टेंबर रस्त्याने जाऊ नका. १२ जुलै २०२४ ला चितवन जिल्ह्यात सिमलतालला पहाटे साडेतीनच्या सुमारास दरड कोसळून दोन बस थेट त्रिशूलीत गेल्या, साठहून जास्त माणसं होती. हा तोच नारायणगढ-मुगलिंग रस्ता, ज्यावरून तुमची गाडी जाणार. त्याच वर्षी २३ ऑगस्टला तनहुँ जिल्ह्यात पोखऱ्याहून काठमांडूला जाणारी बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. ती बस गोरखपूरहून आलेली होती आणि आतले यात्रेकरू आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले. २७ जण गेले. तीर्थयात्रेला निघालेली, शेजारपाजारची, एकमेकांच्या नात्यातली माणसं होती. ते वाचल्यापासून मी कुणालाही पावसाळ्यातलं बुकिंग करून द्यायला तयार होत नाही, रागावलं तरी चालेल.

श्रावणातच जायचं असेल तर विमानाने काठमांडू गाठा. किंवा रस्त्याने फक्त भैरहवापर्यंत जा, तो सगळा सपाट भाग आहे, आणि तिथून काठमांडूचं देशांतर्गत विमान घ्या, भारतीयांना त्यात इतर परदेशी लोकांपेक्षा कमी भाडं पडतं. पावसात तेही रद्द होऊ शकतं पण रद्द झालेल्या विमानाची वाट हॉटेलात बसून बघता येते.

सगळ्यात चांगला काळ दिवाळीच्या आसपास आणि मग फेब्रुवारी-मार्च. दिवाळीत हिमालय एवढा स्वच्छ दिसतो की गाडीत झोपलेली मुलंही उठून बसतात.

ट्रेन लेट झाली तर गाडी थांबते का?

पिकअप वेळेवर नाही, ट्रेनच्या नंबरवर बुक करा. "सकाळी ८" असं लिहिलंत तर आठनंतर वेटिंग सुरू होतं, ट्रेन नंबर दिलात तर ड्रायव्हर स्वतः स्टेटस बघत राहतो. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात धुकं इतकं असतं की गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, त्या महिन्यात आलात की त्याच दिवशी बॉर्डर क्रॉस करायचा प्लॅनच ठेवू नका, गोरखपूरला झोपा आणि सकाळी धुकं विरल्यावर निघा. वेटिंगचे किती तास फ्री आणि पुढे तासाला किती, हेही मेसेजमध्ये.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. तिकडच्या ड्रायव्हरने सात म्हटलं की आपले पावणेसात.

आधी पोखरा करायचंय, कुठल्या रस्त्याने?

बुटवलहून दोन रस्ते. एक सरळ डोंगरात चढणारा सिद्धार्थ राजमार्ग, पाल्पा-तानसेनवरून, अंतर कमी पण वळणं अशी की पोटात काही राहत नाही, आणि बुटवल सोडल्या सोडल्या सिद्धबाबाचा दरडींचा टप्पा. दुसरा नारायणगढ-मुगलिंगवरून, लांबचा पण त्या मानाने सोपा. कोरड्या दिवसात, तरुण मंडळी असतील तर पाल्पाचाच घ्या, रस्ता फार देखणा आहे. गाडी लागणारी माणसं असतील तर मुगलिंगवरून. ड्रायव्हरला निवड करू देऊ नका, तो डिझेल बघतो, तुम्ही आईचं पोट बघा.

मुक्तिनाथला ही गाडी जात नाही हेही लक्षात असू द्या. पोखऱ्याहून पुढे बेनी, तातोपानी, जोमसोम करत जीप लागते, स्कॉर्पिओ किंवा बोलेरो, ते बुकिंग वेगळं. मंदिर ३,७०० मीटरच्या वर आहे, तिथे दम लागतो, त्यामुळे काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथ घाईघाईत उरकू नका.

वाटेत लुंबिनी होते का?

होते, आणि करावीच. भैरहवापासून पश्चिमेला २०-२२ किलोमीटर. मायादेवी मंदिर आणि शेजारचा अशोकाचा स्तंभ, ज्यावर राजाने इथे येऊन पूजा केली आणि गावाचा कर कमी केला असं कोरलेलं आहे. जवळ उभं राहून बघा, कोरीव अक्षरं अजून स्पष्ट दिसतात. महाराष्ट्रातून खूप बौद्ध कुटुंबं या यात्रेला येतात, त्यांनी गोरखपूरहून आधी कुशीनगर करावं, ते ५०-५५ किलोमीटरवर आहे, मग लुंबिनीला मुक्काम. पुढे काठमांडूला जाणार असाल तर त्या शहराशीही आपलं नातं आहे, नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. लुंबिनी थांबा बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहा, आयत्या वेळी सांगितलंत तर जास्तीचे पैसे मागतील आणि ते बरोबरच आहे.

खाणं, टॉयलेट, उलट्या?

दाल-भात सगळीकडे मिळतो, ताटात पुन्हा पुन्हा वाढतात, शाकाहारी म्हटलं की समजतं. मलेखूला नदीचे तळलेले मासे मिळतात, खाणाऱ्यांनी चुकवू नका. कुरिनटारला मनकामना देवीच्या मंदिरात जायची केबल कार आहे, थांबायचं असेल तर केबल कारची दुपारची जेवणाची सुट्टी टाळून पोचा. उलटीची गोळी घाटाच्या अर्धा तास आधी, घाट सुरू झाल्यावर नाही. सकाळी पोट गच्च भरून निघू नका, आणि ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या सीटवर बसवा, मान असेल त्याला नाही. ड्रायव्हर जोरात चालवत असेल तर "दाइ, बिस्तारै" म्हणजे "दादा, हळू" म्हणा, लगेच हळू करतो.

बॉर्डर अचानक बंद होते का?

होते कधी कधी. नेपाळच्या किंवा सीमेलगतच्या भारतीय मतदारसंघातल्या निवडणुकीआधी दोन-तीन दिवस ये-जा थांबवतात, त्या तारखा आधी बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं, सरकार पडलं, तेव्हा भारतीय प्रवासी ठिकठिकाणी अडकून पडले होते. अशा वेळी हॉटेल सोडू नका, आणि ड्रायव्हर नेपाळी असेल तर खरी बातमी त्याच्याकडूनच कळते. बुकिंग करतानाच विचारा की रस्ता किंवा बॉर्डर बंद झाली तर अ‍ॅडव्हान्स परत की पुढच्या तारखेला वळता.

फोन चालतो का तिकडे?

आपलं सिम रोमिंगवर चालतं पण पॅक घेतला नाही तर बिल बघवणार नाही. भैरहवाला नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम घ्या, ओळखपत्र आणि फोटो लागतो, ग्रुपमध्ये एक-दोघांनी घेतलं तरी पुरे.

परतीची ट्रेन संध्याकाळची आहे, सकाळी काठमांडूहून निघालो तर मिळेल का?

नाही धरायची. परतताना माणूस घाईत असतो, ड्रायव्हरला "चलो चलो" करतो आणि तीच घाई घाटात नको असते. आदल्या रात्री भैरहवाला नाहीतर गोरखपूरला येऊन झोपा. ट्रेनचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा आधी परतीचं तिकीट काढा, त्यावरून मागे मोजत मुक्काम ठरवा आणि गाडी सगळ्यात शेवटी बुक करा.

वाटेत काही झालंच तर कुणाला फोन करायचा?

नेपाळमध्ये पोलीस १००, अ‍ॅम्ब्युलन्स १०२, टुरिस्ट पोलीस ११४४. आपला दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे, त्यांचा हेल्पलाइन नंबर निघायच्या दिवशी त्यांच्या वेबसाइटवरून घ्या. हे सगळे नंबर, दोन्ही ड्रायव्हरांचे नंबर, गाड्यांचे नंबर आणि हॉटेलांची नावं एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात एक-एक झेरॉक्स द्या, आजोबांच्यासुद्धा, आणि घरी राहिलेल्या कुणाला तरी तोच कागद व्हॉट्सॅप करून ठेवा. घाटात रेंज जाते, म्हणून मुगलिंगला पोचलो की मेसेज आणि मुक्कामी पोचलो की मेसेज, एवढं घरच्यांशी ठरवून निघा.